तट्टाला गाडीची सवय लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरजवळ, म्हणजे हातोद, सांवेर, देपालपूर किंवा सिमरोलकडे थोडीफार शेती असलेली मराठी मंडळी अलीकडे वरचेवर विचारतात: लहानसं तट्टू घेतलंय, त्याला गाडीला जुंपायचंय, सुरुवात कुठून करू? राजवाड्याजवळ तांगे उभे असायचे तेव्हा हे लिहून ठेवायची गरज नव्हती. तांगेवाल्याला चहा पाजला की तो सगळं सांगायचा. आता सांगणारे कमी उरलेत, आणि मोबाइलवर दिसणारे व्हिडिओ बहुतेक परदेशातले. तिथला साज वेगळा, हवा वेगळी, रस्ते तर फारच वेगळे.

खालच्या सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती आधी सांगतो. घोड्याची जात पळून जीव वाचवणारी. मागून काही आलं की पळायचं, हे तिच्या रक्तात आहे. गाडी ही नेमकी मागून येते, खडखडते, आणि कितीही पळालं तरी पाठ सोडत नाही. म्हणून गाडी सगळ्यात शेवटी. त्याआधीचं जवळजवळ सगळं काम तुम्ही पायी चालत करायचं आहे.

तट्टू नेमकं कशाला म्हणायचं?

खांद्याच्या उंचवट्यापर्यंत, म्हणजे आयाळ संपते तिथपर्यंत, साधारण १४७ सेंटिमीटरपेक्षा कमी उंची असेल तर तट्टू. जात कोणती याने शिकवण्यात फारसा फरक पडत नाही. भीमथडी तट्टांना अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, त्यामुळे त्यांची चौकशी वाढली आहे. पण आपल्या भागात मिळणारी बहुतेक तट्टं मिश्र रक्ताचीच असतात आणि गाडीला ती उत्तम चालतात.

घ्यायचं कुठून, आणि घेताना काय बघायचं?

इंदूरकरांना सोयीचा मोठा बाजार म्हणजे सारंगखेड्याचा. नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठी, दत्तजयंतीच्या सुमारास भरतो. सेंधवा-शिरपूरमार्गे जाता येतं. तिथे गेल्यावर डोळे दिपतात, आणि तीच अडचण आहे. बाजारात नाचणारा, मान वाकवून उभा राहणारा, ढोलावर पाय टाकणारा घोडा महाग विकला जातो. तुम्हाला हवंय ते नेमकं उलट: ढोल वाजत असताना शेजारी कडबा खात उभं असलेलं कंटाळवाणं तट्टू.

विकणारा अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांबद्दल बरंच बोलेल. देवमण आहे, अमुक भोवरा शुभ, तमुक अशुभ. ऐकून घ्या, श्रद्धा असेल तर मानाही, पण त्यापायी पाय बघायचे राहू देऊ नका. चारही खूर हातात उचलून बघा. कठीण जमिनीवर सरळ रेषेत दुडकीने पळवायला सांगा आणि डोकं बघा: एका बाजूचा पुढचा पाय टेकताना डोकं वर झटकत असेल तर त्या पायात दुखतंय. पाठीवर, तंगाच्या (पोटाखालून आवळायच्या पट्ट्याच्या) जागी आणि तोंडाच्या कोपऱ्यांत जुने व्रण आहेत का बघा. तोंडाच्या कोपऱ्यात पांढरे चट्टे असतील तर कुणीतरी आधीच घिसाडघाई केलेली आहे.

ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याशिवाय नवीन जनावर घरच्या जनावरांत मिसळू नका. या रोगावर लस नाही, तो माणसालाही होतो, आणि आढळला तर प्रशासनाला कळवणं बंधनकारक आहे. रक्ताचे नमुने सरकारी पशुवैद्यकामार्फत पाठवले जातात. आपलं भाग्य असं की १९५५ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय महूत, हाकेच्या अंतरावर आहे. धनुर्वाताची लस आणि जंताचं औषध याच भेटीत उरकून घ्या.

वय किती असावं?

माणसाळवायला कितीही लहान चालेल. गाडीला मात्र तीन वर्षांच्या आत नको, आणि पूर्ण कामाला चार-पाच वर्षांच्या आत नको. गुडघ्याच्या वरच्या हाडाचं वाढतं टोक साधारण अडीच वर्षांनी जुळतं, पाठीच्या मणक्यांना त्याहून बरीच वर्षं जास्त लागतात. वरून धष्टपुष्ट दिसणारं दोन वर्षांचं शिंगरू आत अजून कच्चं असतं.

विकणाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका, दात बघा. पुढच्या दुधाच्या दातांतली मधली जोडी पडून पक्के दात साधारण अडीच वर्षांनी येतात, त्यांच्या बाजूची जोडी साडेतीनला, कोपऱ्यातली साडेचारला. म्हणजे मधले दोन पक्के आणि बाकी दुधाचे असतील तर वय अडीच ते साडेतीनच्या मधे. शिकवायला सुरुवात करायला हे वय फार छान.

घोडा घ्यावा की घोडी?

पहिल्यांदाच करत असाल तर खच्ची केलेला घोडा किंवा शांत घोडी. अंगात मस्ती असलेला पुरा घोडा घेऊ नका. रस्त्यात एखादी वरातीची घोडी दिसली की तुमची सगळी शिकवण तो विसरेल.

वर्षातल्या कोणत्या दिवसांत सुरुवात करावी?

कोजागिरी ते रंगपंचमी. पावसाळ्यात माळव्याची काळी माती खुरांना गोळ्यांसारखी चिकटते, मऊ जमिनीत पाय मुरगळतो आणि चाकं रुततात. सोयाबीन निघालं की शेतं मोकळी होतात, वाटा कोरड्या होतात, हवा सुखाची असते. मार्चनंतर ऊन चढायला लागतं, तोपर्यंत पाया पक्का झालेला असावा. दिवाळीत फटाके असतात, तेवढे दिवस नवीन काही शिकवू नका, फक्त जवळ राहा.

पहिल्या महिन्यात नेमकं काय करायचं?

गाडी घरात असेल तर तिच्यावर ताडपत्री टाका आणि विसरून जा. पहिला महिना म्होरकीचा (तोंडाला बांधायच्या दोरीचा), खराऱ्याचा आणि पायांचा.

रोज एकाच वेळी खरारा करा, अंगाच्या प्रत्येक भागावरून हात फिरवा. कान, पोटाखाली, मांड्यांच्या मधे, शेपटीच्या मुळाशी. हा शेवटचा भाग बहुतेक लोक टाळतात आणि तोच गाडीसाठी सगळ्यात महत्त्वाचा. पुढे दुमची, म्हणजे साजाचा मागचा पट्टा, शेपटीखालून जाणार आहे, पिछाडीचा पट्टा मांड्यांवर घासणार आहे. शेपटी हातात धरून उचलली की ती सैल लागेपर्यंत हे काम चालू ठेवा. दांडीसारखी ताठ लागत असेल तर अजून नाही. उभं राहायचं बाजूला, त्याच्या कुशीला लागून. थेट मागे उभं राहिलं तर तुम्ही त्याला दिसतच नाही. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण शेपटीच्या थेट मागचा एक पट्टा आणि कपाळासमोरचा थोडा भाग सोडून.

चालवताना ते तुमच्या खांद्याजवळ चाललं पाहिजे, दोरी सैल. ओढत नेण्याची सवय लागली तर पुढे लगामातही ते ओढतच राहतं. आणि थांबलं म्हणजे थांबलं. तुम्ही शेजारणीशी गप्पा मारत पाच मिनिटं उभे राहिलात तरी त्याने उभं राहायचं. गाडीच्या तट्टाला चालण्यापेक्षा उभं राहणं जास्त यायला हवं, कारण जुंपताना आणि सोडताना होणारे अपघात हे उभं न राहण्यामुळे होतात.

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत. जास्त वेळ दिला म्हणजे जास्त शिकतं असं नाही, उलट कंटाळलं की खोड्या शिकतं.

हुकूम मराठीत द्यायचे की हिंदीत?

ज्या भाषेत घरातले सगळे आणि मोतद्दारही (घोड्याची देखभाल करणारा) सारखंच बोलतील त्या भाषेत. इंदूरच्या घरांत हा गोंधळ नेहमीचा: आजोबा ‘थांब’ म्हणतात, मोतद्दार ‘रुक’ म्हणतो, नातू ‘स्टॉप’ म्हणतो, आणि तट्टू तिघांकडे बघत चालत राहतं. चार हुकूम पुरतात: चालणं, दुडकी, थांबणं, मागे सरकणं. आवाज एकमेकांपासून वेगळे वाटले पाहिजेत. चालवण्यासाठी जिभेचा टचकारा, थांबण्यासाठी लांब खाली उतरणारा ‘होऽऽ’. ‘हो’ हा शब्द बोलण्यात होकार म्हणून सारखा येतो, तेव्हा थांबण्याचा आवाज मुद्दाम लांबवा. हे चारही हुकूम तबेल्याच्या अंगणातच भिंतीशेजारी पक्के करा. गाडीवर बसल्यावर तुमचे पाय त्याच्या अंगाला लागत नाहीत. उरतो फक्त आवाज, लगाम आणि चाबकाचा हलका स्पर्श.

आधी पाठीवर बसायची सवय लावावी लागते का?

नाही. लहान तट्टावर मोठ्या माणसाने बसूही नये.

साज कोणता घ्यावा?

साध्या हलक्या गाडीला छातीपट्ट्याचा साज पुरतो. पट्टा छातीवर इतका वर नको की श्वासनलिका दाबेल, इतका खाली नको की खांद्याचा सांधा अडेल. सांध्याच्या टोकाच्या वर, मानेच्या मुळाच्या खाली, एवढी जागा. पट्टा आणि छाती यांच्या मधे सपाट पंजा सहज गेला पाहिजे. पाठीवर गादी, तिच्याखाली तंग, मागे दुमची. आणि पिछाडीचा पट्टा, जो आपल्याकडे बरेच जण वगळतात. उतारावर गाडी पुढे ढकलली जाते तेव्हा तिला रोखणारा हाच पट्टा. तो नसेल तर दांड्या, म्हणजे तट्टाच्या दोन्ही बाजूंना येणारे गाडीचे लांब दांडे, पुढे सरकतात, गाडी मांड्यांवर आदळते, आणि तट्टाला कळतं की आपली भीती खरीच होती.

कडियाळं, म्हणजे तोंडातलं लोखंड, गुळगुळीत आणि जाड घ्या. सांध्याचं, साधं. बाजारात काटेरी, दातेरी कडियाळी अजून विकायला असतात, ‘तेज घोड्यासाठी’ म्हणून. ती वापरणं बेकायदा आहे; ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५च्या नियमांत खिळे, गाठी, टोकं असलेला लगाम किंवा साज वापरायला स्पष्ट मनाई आहे. नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. दुखणाऱ्या तोंडाचा घोडा थांबत नाही, दुखण्यापासून पळतो.

जुना चामड्याचा साज मिळाला तर शिवण ओढून बघा. उसवलेल्या शिवणीचा साज भिंतीवर टांगायला छान दिसतो, तेवढंच.

झापडं लावायची का?

सुरुवातीला नको. आधी त्याने झापडांशिवाय सगळं बघू दे: मागून येणारी दोरी, घरंगळणारं टायर, चाक. काय आहे हे एकदा डोळ्यांनी कळलं की मग झापडं लावा, म्हणजे रस्त्यावर बाजूने येणाऱ्या गोष्टींकडे लक्ष कमी जाईल. जुने तांगेवाले पहिल्या दिवसापासून झापडं लावत, आणि त्यांचं निभत असे कारण शेजारी दुसरा कसलेला घोडा असायचा. आपल्याकडे तो नसतो. उलट बाजूही सांगतो: झापडांशिवाय शांत चालणारं तट्टू झापडं लावल्यावर पुन्हा नवखं होतं. म्हणून लावाल तेव्हा दोन पावलं मागे जाऊन पायी हाकण्यापासून सुरू करा. आणि गाडीला जुंपलेलं असताना डोक्यावरचा साज कधीही काढू नका. एका क्षणात मागची गाडी दिसते आणि तोंडात लगाम नसतो.

लांब लगामावर हाकणं म्हणजे काय?

दोन लांब लगाम कडियाळ्यापासून गादीच्या बाजूच्या कड्यांतून मागे आणायचे आणि तुम्ही मागे, थोडं बाजूला, लाथेच्या टप्प्याबाहेर चालायचं. म्हणजे गाडी सोडून बाकी सगळं हाकणं. माझ्या मते खरी शाळा हीच. इथे महिना-दीड महिना घालवलेलं तट्टू गाडीला जुंपताना फारसा त्रास देत नाही, आणि हा टप्पा गाळलेलं वर्षभर त्रास देतं.

आधी अंगणात, मग शेताच्या बांधावरून, मग गावाच्या वाटेने. डावीकडे, उजवीकडे, थांब, दोन पावलं मागे. ओढा, पाण्याचं डबकं, पुलाची फळी, वाळत घातलेली साडी, भुंकणारं कुत्रं, ट्रॅक्टर. आमच्याकडची एक घोडी ट्रकला घाबरत नसे, पण रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर पाय ठेवायला तयार नव्हती. कान टवकारून, नाकाने फुरफुर करत ती त्या पट्ट्याचा वास घेत राही, मग एका उडीत पलीकडे. तिला ओढलं नाही की मारलं नाही. लगाम सैल सोडून ती वास घेईपर्यंत थांबायचं आणि उडी झाली की पुन्हा शांत चालायला लावायचं. काही दिवसांनी उडीची पावलं झाली.

कान बघायची सवय लावून घ्या. एक कान तुमच्याकडे वळलेला असेल तर ते ऐकतंय. दोन्ही कान पुढे रोखलेले आणि मान ताठ झाली की पुढच्या दोन-तीन सेकंदांत ते बुजणार. तेवढ्यात आवाज द्या, त्याचं लक्ष तुमच्याकडे आणा.

मागे ओढायला पहिल्यांदा काय बांधायचं?

आधी काहीच बांधू नका. एका माणसाने तट्टू धरून चालायचं आणि दुसऱ्याने बाजूने, बऱ्याच अंतरावर, दोरीने टायर ओढत न्यायचं. मग टायर पुढे आणि तट्टू मागे. आपण ज्याच्या मागे चालतो त्याची भीती वाटत नाही. मग टायर मागे, पण दोरी अजून माणसाच्या हातात, म्हणजे बिघडलं तर सोडून देता येते. हे सगळं जांभई देत होऊ लागलं की मगच टायर ओढपट्ट्यांनी, म्हणजे दोन बाजूंच्या ओढायच्या पट्ट्यांनी, साजाला.

टायर स्कूटरचं, हलकं. मातीवर ओढा, डांबरावर त्याचा आवाज फार होतो.

दांड्यांचीही सवय याच काळात. दोन हलके बांबू दोन्ही बाजूंना धरून किंवा कड्यांत अडकवून तट्टाला वळवा. वळताना एक बांबू खांद्याला आणि दुसरा मांडीला टेकतो. नवख्या तट्टाला हा स्पर्श ‘कुणीतरी पकडलं’ असा वाटतो. तो मऊपणे, पुन्हापुन्हा, दोन्ही बाजूंनी होऊ दे.

पहिली गाडी कशी असावी?

दुचाकी, हलकी, रबरी टायरची, ब्रेक असलेली. तोल फार महत्त्वाचा. माणसं बसल्यावर दांड्या आडव्या राहिल्या पाहिजेत आणि दांडीचं टोक दोन बोटांनी उचलता आलं पाहिजे, एवढाच भार पाठीवर. दांड्या जड लागल्या तर पाठ सोलते. वर उचलल्या जात असतील तर तंग पोटात रुततो आणि चढावर गाडी मागे कलते. बसायची जागा पुढे-मागे सरकवता येणारी असेल तर अर्धं काम झालं. दांड्यांची टोकं खांद्याच्या सांध्यापर्यंत यावीत, त्यापुढे नाही, नाहीतर वळताना मानेत टोचतात. छत, झालर, घुंगरं हे सगळं नंतर.

बैलगाडीची छोटी आवृत्ती करून देणारे सुतार-लोहार भेटतील. त्यांचं काम मजबूत असतं, पण ते जोखडाच्या हिशोबाने विचार करतात आणि पुढचा भार जास्त ठेवतात. तोल समोर उभं राहून तपासून घ्या.

प्रत्यक्ष जुंपण्याचा पहिला दिवस कसा असावा?

सकाळी लवकर, वारा नसताना, कुंपण असलेल्या मोकळ्या शेतात. रस्त्यावर मुळीच नाही. कमीत कमी दोन जाणती माणसं, तीन असतील तर उत्तम. व्हिडिओ काढायला आलेल्या मंडळींना कुंपणाबाहेर उभं करा.

आधी अर्धा तास नेहमीसारखं लांब लगामावर हाका. ते नीट चाललं नाही तर आज जुंपणं नाही, परत घरी. नीट चाललं तर एकाने डोक्याजवळ उभं राहायचं, म्होरकी लगामाच्या खाली घातलेली, दोरी हातात. तट्टाला मागे ढकलत दांड्यांत नेऊ नका; ते उभं राहील आणि गाडी हळूच पुढे आणायची. दांड्या उंच धरून, मग खाली उतरवत कड्यांत. आता ओढपट्टे, मग पिछाडीचा पट्टा, मग तंगाचा बाहेरचा पट्टा. या सगळ्या वेळात लगाम कुणाच्या तरी हातात असलाच पाहिजे, गादीवर टाकून दिलेला नाही. गाडीला जुंपलेलं तट्टू खांबाला बांधायचं नाही. मागे उडी मारली तर म्होरकी तुटते किंवा मान अडकते.

सगळं बांधून झाल्यावर थांबा. पूर्ण मिनिटभर काही करू नका. पाठीची कातडी थरथरतेय का, श्वास धरून ठेवलाय का बघा. बहुतेक तट्टं इथे एक लांब सुस्कारा सोडतात आणि ओठ चाटतात. तो सुस्कारा ऐकू आला की डोक्याजवळच्या माणसाने चालायला लागायचं, हाकणाऱ्याने मागून पायी, आणि तिसऱ्याने दांडीला हात लावून पहिल्या पावलाचा जोर स्वतः घ्यायचा. पहिल्या पावलाला गाडी अडली तर ते समजतं की पुढे जायचं नाहीये. आणि लगेच वळू नका: सरळ रेषेत वीस-तीस पावलं, थांबा, पुन्हा वीस-तीस. पहिलं वळण मोठं, अर्ध्या शेताएवढं.

गाडीवर आज कुणी बसायचं नाही. दहा मिनिटांत सोडा. सोडताना उलट क्रम: तंगाचा बाहेरचा पट्टा, पिछाडीचा पट्टा, ओढपट्टे, आणि शेवटी दांड्या. एक ओढपट्टा विसरून तट्टाला पुढे चालवलं तर अर्धी गाडी फरफटत येते आणि चार महिन्यांचं काम चार सेकंदांत जातं. म्हणून सोडताना एकाने मोठ्याने बोलत सोडायचं: हा सुटला, तोही सुटला.

पुढे बसायची वेळ आली की हाकणारा सर्वांत आधी चढतो आणि सर्वांत शेवटी उतरतो.

उधळलं तर काय करायचं?

लगाम सतत ताणून धरू नका, त्यावर भार टाकून ते आणखी पळतं. ओढा-सोडा, ओढा-सोडा, आणि तोच ओळखीचा ‘होऽऽ’. मोकळी जागा असेल तर मोठ्या गोलात वळवत न्या, गोल हळूहळू लहान करा. एकदम वळवलं तर दुचाकी उलटते. उडी मारून उतरण्याचा मोह टाळा. मोकळी सुटलेली गाडी घेऊन पळणारं तट्टू हे सगळ्यांत वाईट. थांबल्यावर मारायचं नाही. त्याला मार थांबल्याबद्दल मिळाला असं वाटतं. आणि दुसऱ्या दिवशी थेट गाडी नाही, परत टायर, परत लांब लगाम.

दोन-तीनदा खरंच उधळलेलं तट्टू गाडीसाठी सोडून द्या. काहींचा स्वभाव नसतो. त्याला शेतावर ठेवा, मुलांचं लाड करायचं जनावर म्हणून, पण गाडीला विकू नका.

इंदूरच्या रस्त्यांवर कधी आणता येईल?

गावाच्या वाटांवर सहा महिने शांत चालल्यावर, रविवारी पहाटे, एखाद्या कॉलनीच्या आतल्या रस्त्यावर. बायपास आणि आग्रा-मुंबई रस्ता कधीच नाही. शहरात येण्याआधी एका आवाजाची सवय नक्की लावा: सकाळच्या कचरागाडीवरचा भोंगा. गल्लीत ती वळणावरून अचानक येते, गाणं वाजवत, आणि हायड्रॉलिकचा खणखणाट. तीच गाणी मोबाइलवरून खरारा करताना हळू आवाजात लावा, रोज थोडा आवाज वाढवत. सोबत हरभरा.

रंगपंचमीच्या गेरजवळ (रंगाच्या मिरवणुकीजवळ) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (चित्ररथांच्या) रात्री तट्टू घरीच. कुणी वरातीसाठी मागितलं तरी नाही म्हणा. बँड, जनरेटर, फटाके आणि गर्दी हे सगळं एकदम सहन करायला वेगळ्या तयारीचं जनावर लागतं.

लीद उचलायला गाडीखाली पोतं आणि फावडं ठेवा. आपल्या शहरात रस्त्यावर घाण केली तर दंड होतोच, शेजारीही माफ करत नाहीत. गाडीच्या मागे लाल परावर्तक पट्टी आणि अंधारात दिवा हवाच.

किती ओझं, किती वेळ, किती ऊन?

१९६५च्या त्याच नियमांत तट्टाच्या दुचाकीला रबरी टायर असतील तर ६०० किलो आणि नसतील तर ४०० किलो ही कमाल मर्यादा आहे. ही मर्यादा पक्क्या, कसलेल्या जनावराची आहे. शिकाऊ तट्टाला पहिलं वर्ष गाडी आणि दोन माणसं यापुढे जाऊ नका. हाकणारा आणि सहा वर्षांखालची मुलं सोडून चारपेक्षा जास्त माणसं बसवायची नाहीत. दिवसात एकूण नऊ तासांहून जास्त नाही, सलग पाच तासांहून जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांवर असेल तेव्हा दुपारी १२ ते ३ या वेळात अजिबात नाही. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे जवळजवळ रोजच.

काम झाल्यावर श्वास आणि नाडी मोजा. आरामात असताना श्वास मिनिटाला ८ ते १६, नाडी साधारण २८ ते ४४, लहान तट्टाची किंचित जास्त. जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोट लावलं की नाडी लागते. अर्ध्या तासात ती खाली आली नाही तर काम जास्त झालं.

खायला काय आणि किती?

वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा चारा. वजनकाटा नसेल तर टेपने छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०. घेर १४० आणि लांबी १३० असेल तर वजन २१४ किलोच्या आसपास, म्हणजे रोज चार-सव्वाचार किलो चारा. गव्हाचा भुसा एकट्याने पुरत नाही, सोबत थोडं हिरवं आणि मिठाचा खडा.

चंदी, म्हणजे दाणा, कमी. शिकाऊ तट्टाला हरभरा ओंजळभर, तोही भिजवून. लोक प्रेमाने हरभरा आणि गूळ वाढवत नेतात, मग तट्टू अंगणात नाचतं आणि दोष शिकवणाऱ्याला. एकदम वाढवलेल्या दाण्याने पोटशूळ होतो, खुरांची आतून आग होते. पाय आखडून मागे झुकून उभं असेल किंवा वळून कुशीकडे बघत लोळत असेल तर घरगुती काढे करत बसू नका, डॉक्टरला फोन करा.

मोतद्दार म्हणतो, दोन दिवसांत गाडीला लावून देतो. खरं का?

लावून देतो हे खरं. तोंड बांधून, पायबंद घालून, जड गाडीला जुंपून दमेपर्यंत पळवायचं, अशी ती पद्धत आहे. दमलेलं तट्टू शांत दिसतं. पोटभर खाऊन आठवडाभर आराम झाला की खरं काय ते कळतं. जुन्या लोकांचा हात मात्र फार चांगला असतो, खुराची, नालेची, साज बांधायची माहिती त्यांच्याइतकी कुणाला नाही. तेवढं शिकून घ्या, घाई मात्र त्यांच्याकडेच राहू दे.

मुलांना हाकू द्यावं का?

मोठं माणूस शेजारी बसलेलं आणि लगामाची दुसरी जोडी त्याच्या हातात, एवढं असेल तर जरूर. डोक्यावर हेल्मेट.

नाल कधी ठोकायची?

शेतात आणि मातीच्या वाटेवर चालत असेल तोवर नालेची गरज नाही. दर पाच-सहा आठवड्यांनी खूर कापून घेतले की झालं. डांबरावर नियमित जायला लागल्यावर नाल. नालबंद आता शोधावे लागतात. वरातीच्या घोड्या पाळणाऱ्यांकडे चौकशी केली की पत्ता मिळतो. पहिल्या वेळी त्याला आधी फक्त हातोडीने खुरावर टकटक करायला सांगा, ठोकायला दुसऱ्या दिवशी बोलवा, आणि दोन्ही दिवसांचे पैसे द्या.